आज गुरुवार हाय

मालिकेत तुमचं काम काय होतं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, "पाठीचं." समोरच्याला वाटतं, मी नटांचे संवाद पाठ करून घ्यायचो. तसं नाही. मी सेटकडे पाठ करून उभा राहायचो आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांची तोंडं बघायचो. 'गुरुवारची सुट्टी' ही विनोदी मालिका अख्ख्या महाराष्ट्राने पुढून पाहिली, मी एकट्याने ती उलटीकडून पाहिली. विनोद काय झाला ते मला लोकांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

आमचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. देहूरोडला वडिलांनी सुरू केलेला, चिंचवडला मी वाढवलेला. निघोज्याच्या एका रिकाम्या शेडमध्ये शूटिंग सुरू होणार, खुर्च्या पाहिजेत, असा निरोप आला म्हणून टेम्पो घेऊन गेलो. खुर्च्या मांडून झाल्यावर निर्माता माझ्याकडे बघून म्हणाला, "इक्बालभाई, खुर्च्या झाल्या. आता यांच्यावर बसायला माणसं पण आणा की." त्याने चेष्टा केली होती, मी ती मनावर घेतली. पुढच्या आठवड्यात कॉलन्या, कँटीन आणि कंपन्यांची गेटं फिरून शेड भरून दाखवली. तेव्हापासून मालिका संपेपर्यंत माणसं आणणं, बसवणं आणि हसती ठेवणं हे माझं काम झालं.

बाहेरगावच्या वाचकांना आधी गुरुवारचं सांगायला हवं. आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घ्यायला हे कधीतरी ठरलं, असं म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे लग्नाची बोलणी, केस कापणं, घराला रंग, भावकीची भांडणं, सगळं गुरुवारी. रविवारी आमचा माणूस मशिनवर उभा असतो. मालिकेतली कॉलनी कामगारांची, गोष्ट त्यांच्या सुट्टीच्या दिवसाची, आणि शूटिंगही गुरुवारीच, कारण बघणारेही त्याच दिवशी मोकळे.

त्या कॉलनीत नामदेव फोरमन राहायचा. ते काम बापूंचं. बापू मूळचे मावळातले, आयुष्यभर नाटकं केलेले, आणि बोलण्यातला 'हाय' त्यांनी कधी 'आहे' होऊ दिला नाही. टाकी गळतेय बघा, गॅस संपलाय आणा, पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन या, काहीही सांगा, फोरमन तोंडासमोरचा पेपर खाली न करता एवढंच म्हणायचा, "आज गुरुवार हाय!" आणि शेड कोसळायची. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला त्यात काही समजावून सांगावं लागत नव्हतं. विदर्भातल्या एका बाईंना मात्र वाटलं, फोरमन गुरुवारचा कडक उपास करतो. त्यांनी सेटवर प्रसादाचे पेढे पाठवले. बापूंनी ते शूटिंगच्या मध्यात, गुरुवारीच, एकट्याने संपवले.

आता थोडं धंद्याबद्दल. टाळी मागता येते. मी हात वर केला की लोक टाळ्या वाजवतात, त्यात काही विशेष नाही. हशा मात्र मागता येत नाही. मागितलात तर जे येतं ते खोकल्यासारखं असतं. मग माणूस काय करतो? तो खुर्च्या हलवतो. पहिल्या रांगेत पाहुणे आणि साहेब बसवायचे, कारण ते कुठेही बसवले तरी हसत नाहीत. तिसऱ्या रांगेत, वर टांगलेल्या माइकच्या खाली, पेटवणारे बसवायचे. पेटवणारा म्हणजे ज्याला हसू आवरत नाही असा माणूस. तो पेटला की आजूबाजूचे पेटतात. एकदा एका कंपनीने नव्या भरतीची पोरं बसमध्ये घालून पाठवली, सोबत त्यांचा एचआरवाला. तो पुढे बसला. तो हसला की पोरं हसायची, तो गप्प तर पोरं गप्प, आणि त्या पठ्ठ्याला विनोद कळायला फार वेळ लागायचा! मध्यंतरात मी त्याला मान देऊन सगळ्यात मागे पंख्याखाली बसवलं. दुसऱ्या भागात पोरांनी छप्पर उडवलं.

आणि पेटवणाऱ्यांची राणी म्हणजे निघोज्याच्या हौसाबाई. त्या विनोदाच्या आधीच हसायच्या. नट तोंड उघडतोय तोवर यांचं "अगं आई गं" सुरू. चॅनेलला त्यांचा हशा इतका आवडला की तो कापून ठेवला आणि दुसऱ्या कार्यक्रमांतही चिकटवायला लागले. हौसाबाई घरी टीव्ही बघत असायच्या आणि भलत्याच मालिकेत स्वतःचं हसणं ऐकून ओरडायच्या, "ही मी हाय! मी हितं हसलेच न्हाई!" ही तक्रार त्या माझ्याकडे घेऊन आल्या होत्या.  असा साठवून ठेवलेला, डब्यातला हशा मला तेव्हाही आवडत नव्हता, आजही आवडत नाही.

बापूंना प्रेक्षकांवर भरवसा नव्हता. ते म्हणायचे, "लोकं काय, तू आनलेली. चहा-वडापाव खाल्लाय, हसनारच. मी तुजे खांदे बघतो." मी सेटकडे पाठ करून उभा, त्यामुळे त्यांना माझी पाठच दिसायची. विनोद खरा लागला की माझे खांदे हलतात, असा त्यांचा दावा. मी म्हणायचो, अहो बापू, मी कामावर आहे, मी हसत नाही. ते म्हणायचे, "तू न्हाई हसत रं. खांदे हसत्यात."

मालिका बंद पडली. मी पुन्हा लग्नांच्या खुर्च्या लावू लागलो. शेडमध्ये ऑनलाइन सामानाचं गोडाऊन आलं. बापूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात सुधारला, पाय सुधारला, जीभ जड राहिली. त्यांच्या आकुर्डीच्या घरी मी ईदला शीरखुर्मा घेऊन जायचो तेव्हा एक वाक्य पुरं होईपर्यंत शीरखुर्मा गार व्हायचा. पण वाक्य ते पुरं करायचेच, आणि मधे कुणी शब्द पुरवला तर चिडायचे.

आणि यंदा फोन आला! चॅनेलमधून केतकी नावाची मुलगी बोलत होती. "इक्बालकाका, 'गुरुवारची सुट्टी'चं रियुनियन करतोय. सगळे जुने कलाकार, तोच सेट, समोर प्रेक्षक. याल ना?" मी हो म्हणायच्या आधी फोन कानाला लावून अंगणात दोन चकरा मारल्या. बायकोला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं.

"रविवारी ठेवलंय," केतकी म्हणाली. "सगळ्यांना सुट्टी."

"बाई, रविवारी इथे कुत्रंसुद्धा मोकळं नसतं. सगळे कंपनीत."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अय्यो काका! मी देहूरोडची आहे. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, आमची सुट्टी रविवारी. कंपनीवाल्यांची पोरं गुरुवारी शाळा बुडवून वडिलांबरोबर फिरायची आणि आम्ही शाळेत जळायचो. विसरलेच की!" म्हणजे मालिकेचं नाव 'गुरुवारची सुट्टी', आणि शूटिंग रविवारी! आम्ही दोघं फोनवर पोट धरून हसलो. तारीख गुरुवारची झाली.

निघोज्यालाच दुसरी शेड मिळाली. मी सेट फिरून बघितला. तोच पिवळा दरवाजा, तोच सामायिक नळ, फोरमनची तीच वेताची खुर्ची. दरवाजा बघून सुहासिनीताई थेट रडायलाच लागल्या. त्या मालिकेत कॉलनीतली खानावळ चालवायच्या. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि नीट बघितलं. उशांवर चॅनेलचा रंग. चहाच्या कपांवर चॅनेलचं चिन्ह. पाण्याच्या टँकरवर चॅनेलच्या नव्या मालिकेचं नाव, 'सूनबाई सीईओ'. खानावळीचं कपाट उघडलं की चॅनेलच्या अॅपची पाटी. फोरमनचा जुना रेडिओ लावला की नव्या मालिकेचं शीर्षकगीत. संहितेत दर भावुक प्रसंगानंतर 'सूनबाई सीईओ'ची नायिका दारातून डोकावणार आणि मालिकेची वेळ सांगून जाणार.

"इक्बालभाई," ताई हळूच म्हणाल्या, "आपण भेटायला आलोय की दुकान उघडायला?"

केतकीने ते ऐकलं. ती लपवाछपवी करणारी नव्हती. "ताई, दुकानच आहे. नव्या मालिकेच्या जाहिरातीचे म्हणून पैसे मंजूर झाले. नुसत्या भेटीसाठी कुणी दिले नसते. मी लहानपणी तुमचं बघून हसले, म्हणून ही युक्ती केली."

मला तिचं म्हणणं पटलं. आम्हीही वडापाव देऊनच माणसं आणायचो की! जाहिरात तर जाहिरात, भेट तर होतेय.

पण शेवटची जाहिरात बापूंच्या वाट्याला आली होती. प्रसंग असा: नायिका येते, विचारते, "काका, बघणार ना आमची मालिका? सोमवार ते शनिवार, रात्री साडेआठ?" आणि फोरमनने पेपर खाली करून म्हणायचं, "बघणार म्हणजे? ओव्हरटाइम करून बघणार! सोमवार ते शनिवार!"

तालमीत बापू 'ओव्हरटाइम'पर्यंत आले. 'शनिवार'चा 'श' काही केल्या निघेना. दिग्दर्शकाने थांबून बघितलं, पुन्हा घेतलं, पुन्हा थांबला. मग केतकी बापूंच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. "बापू, तुम्ही फक्त ओठ हलवा. आवाज आपण नंतर घालू." एक मिमिक्रीवाला बोलावून ठेवला होता. बापूंचा जुना आवाज तो हुबेहूब काढायचा. कोपऱ्यात बसलेला तो गडी बिचारा मान खाली घालून बसला.

 चहाला बापूंनी मला बाजूला घेतलं. त्यांचं बोलणं मी इथे सलग लिहितो, मधले थांबे तुम्ही समजून घ्या.

"इक्बाल, माज्या तोंडात परका आवाज घालत्यात. घास असता तर थुकला असता."

मी केतकीकडे गेलो. म्हटलं, एकदा, प्रेक्षकांसमोर, त्यांच्या आवाजात होऊ दे. ती विचारात पडली. चॅनेलची मुंबईतली वरची माणसं व्हिडिओ कॉलवर बघणार होती, आणि हाच शेवटचा तुकडा त्यांच्या जाहिरातीचा गाभा. "एकदाच, काका," ती म्हणाली. "लोक हसले तर बापूंचा आवाज. नाहीतर मला डबिंग करावंच लागेल. मला वरती दुसरं सांगता येणार नाही."

मी धावत जाऊन बापूंना सांगितलं. माझ्या डोक्यात एव्हाना खुर्च्या हलायला लागल्या होत्या. हौसाबाईंना माइकखाली, त्यांच्या दोन्ही बाजूंना फोर्जिंगच्या कंपनीतली पोरं. बापूंनी माझा चेहरा ओळखला आणि मनगट धरलं.

"लोकास्नी माजं दुखनं सांगायचं न्हाई. हात वर करायचा न्हाई. कीव करून केल्याला हशा मला नको. त्यापरीस तो मिमिक्रीवाला बरा."

मी कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला हात बांधून काम करायचं होतं.

शेड भरली! काय गर्दी होती सांगू! चाकणच्या कंपन्यांतली माणसं बायकापोरांसह आली. पूर्वी कडेवर असलेली लेकरं आता स्वतः कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आलेली. माणच्या आयटीतल्या काही जणांनी खास रजा टाकली होती. त्यांची सुट्टी शनिवार-रविवारची, म्हणून पोरं त्यांना चिडवत होती, "काय राव, आज फुकट पगार?" हौसाबाई नऊवारी नेसून, केसांत गजरा माळून आल्या. मला म्हणाल्या, "भाई, आज समदं खरं हसनार. डब्यात भरायचं असंल तर मला इचारून भरा म्हनावं."

पहिले प्रसंग दणक्यात गेले. सुहासिनीताई दारात आल्या तर लोकांच्या टाळ्या थांबेचनात. जाहिरातीही लोकांनी आनंदाने घेतल्या. टँकर आल्यावर कुणीतरी ओरडलं, "पाणी तरी आणलंय का सूनबाईनं?" आणि मुंबईची माणसंही पडद्यावर हसली, असं केतकीने नंतर सांगितलं.

मग शेवटचा प्रसंग. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो, सेटकडे पाठ, हात मागे घट्ट. पेपराची सळसळ ऐकू आली. म्हणजे बापू खुर्चीत बसले. नायिकेचं वाक्य झालं, स्वच्छ आणि गोड. "सोमवार ते शनिवार, रात्री साडेआठ?"

आणि शांतता.

मी चेहरे बघत होतो. आधी सगळे वाट बघत होते, तोंडं हसायला तयार. शांतता लांबली. एका बाईची मान किंचित कलली. या कललेल्या मानेला मी फार घाबरतो. हशा मरतो तो तिथून, मान कलली की माणूस नटाला हसत नाही, त्याची काळजी करायला लागतो. दुसरी मान कलली. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. हात वर करावा, टाळी मागावी, काहीतरी करावं, असं माझ्या मनगटातून सळसळत होतं. मी एका हाताने दुसरा धरून ठेवला.

मागून बापूंचा आवाज आला. जड, हळू, त्यांचा स्वतःचा.

"पोरी…"

थांबले. एवढे थांबले की कललेल्या माना सरळ झाल्या. कारण त्या 'पोरी'मध्ये आजार नव्हता. नामदेव फोरमन होता, कामाची कटकट ऐकून वैतागलेला.

"…कामाचं… उद्या बोल."

आता कुणीच हलेना. पाचव्या रांगेतला एक क्रेन ऑपरेटर तोंड उघडं टाकून पुढे झुकला. सगळ्यांना दिसायला लागलं होतं काय येतंय ते, आणि ते येईपर्यंतचा वेळ लोक मिटक्या मारत खात होते. जीभ जड असणाऱ्या माणसाने त्याच जड जिभेचं टायमिंग करून टाकलं होतं!

"आज… गुरुवार हाय."

मी इतकी वर्षं लोक हसवले, पण असा हशा पाहिला नव्हता. पेटवणारा कुणी नव्हता. अख्खी शेड एकदम पेटली. हौसाबाई पहिल्यांदाच विनोद झाल्यावर हसल्या. माणसं उभी राहिली, टोप्या उडाल्या, माझी एक खुर्ची मोडली. खरोखरच गुरुवार होता ना! आणि बापूंनी चॅनेलच्या जाहिरातीलाच सुट्टी देऊन टाकली होती. मिमिक्रीवाला कोपऱ्यात उभा राहून शिट्ट्या मारत होता. केतकी हेडफोन गळ्यात टाकून हसत होती आणि डोळे पुसत होती. "वरती काय म्हणतात?" मी ओरडून विचारलं. "वरती कुणाला बोलताच येत नाहीये!" ती म्हणाली.

बापूंचा आवाज राहिला. नुसता राहिला नाही, चॅनेलने तोच तुकडा उचलून जाहिरात केली. जुन्या हायवेवर फलक लागले, 'आज गुरुवार हाय', आणि खाली बारीक अक्षरात, उरलेल्या दिवशी 'सूनबाई सीईओ' बघा. कंपन्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुपरवायझरने गुरुवारी ओव्हरटाइमला कोण येणार असं विचारलं की पोरं बापूंचा व्हिडिओ पाठवतात. लोकांना हसवणारी जाहिरात चॅनेलला फुकटात मिळाली, आणि ती मिळाली जाहिरात करायला नकार देणाऱ्या माणसाकडून. यावर केतकीला बढती मिळाली. मला नव्या खुर्च्या मिळाल्या.

माझ्या मनात मात्र एक राहून गेलं. बापूंना वाक्य आठवलं नाही, 'श' निघाला नाही म्हणून ऐनवेळी सुचलं, की आधीपासून ठरवलं होतं? मी पाठ करून उभा होतो, त्यांचा चेहरा मला दिसलाच नव्हता.

तो दिसला भाग लागला तेव्हा. घरचे सगळे टीव्हीसमोर, मी इतरांसारखा पुढून बघत होतो. नायिकेचं वाक्य झालं. बापूंनी पेपर जरासा खाली केला. ते तिच्याकडे बघतच नव्हते. ते समोर, दूर, एका जागी टक लावून बघत होते. "पोरी…" म्हणाले, नजर तिथेच. "कामाचं उद्या बोल." नजर तिथेच. यंदा सेटच्या मागेही एक कॅमेरा होता. त्यातून बापूंच्या खांद्यावरून पलीकडचं दिसलं. गर्दी, आणि तिच्यापुढे एक राखाडी शर्टाची पाठ, हात मागे बांधलेली.

"अब्बा, तुम्ही!" माझी मुलगी ओरडली.

मी हललोच नव्हतो, अशी माझी खात्री होती. पण त्या शर्टाचे खांदे आधी एकदा, मग दोनदा, मग गदागदा हलले. शेडमध्ये अजून चिटपाखरू हसलं नव्हतं. आणि ते हलल्यावर, त्यानंतरच, बापूंनी वाक्य पुरं केलं.

मी तिथूनच त्यांना फोन लावला. "बापू, खांदे दिसले होते?"

 मी शब्द पुरवला नाही, वाट बघितली.

"दिसले," बापू म्हणाले. "म्हनून तर… बोललो."